दिनविशेष : ५ जून २०१६ – चोरट्या मासेमारीला बंदरबंदी

बेकायदा मासेमारी रोखणारा पहिला बंधनकारक जागतिक करार ५ जून २०१६ रोजी अमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तो २००९ मध्ये रोम येथे मंजूर केला होता. भर समुद्रात चोरटे जहाज गाठणे महाकठीण. पण मासळी कधी ना कधी धक्क्याला लावावीच लागते. म्हणून या करारानुसार परदेशी जहाजाचा परवाना, जाळी, बर्फातला माल तिथेच तपासायचा. चोरी आढळली तर मासळी उतरवू द्यायची नाही, इंधनही द्यायचे नाही. चोरट्या मासेमारीचा अंदाज वर्षाला २.६ कोटी टनांपर्यंत जातो. हा घास छोट्या होडीवाल्यांच्या आणि गरिबांच्या ताटातला आहे. एका बंदराने हयगय केली की जहाजे तिकडेच वळतात. किनारा असलेल्या प्रत्येक देशाने या करारात यायलाच हवे.