एकोणतीस गावांची हरकत
३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या ४ नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. अशा निर्णयाआधी शासनाने मसुदा काढून हरकती मागवाव्यात, असे कायदा सांगतो. पण हरकत नोंदवली म्हणजे ती ऐकली गेली असे नव्हे, हे बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, पाण्यावर केळी आणि पानवेली जगवणाऱ्या गावांनी लवकर ओळखले. म्हणून अर्जामागे त्यांनी आंदोलन उभे केले. त्याच वर्षी या प्रश्नावर लढलेले विवेक पंडित आमदार झाले आणि २०११मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय निघाला.

त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, प्रकरण रखडले, आणि २०२४मध्ये शासनाने गावे पालिकेतच ठेवायचे ठरवले. मग दाद मागून काय साधले, असे कोणी विचारील. माझ्या मते मोठी गोष्ट साधली: १३ वर्षांनीही शासनाला गावांकडून पुन्हा हरकती मागवाव्या लागल्या. दोष दाद मागण्यात नाही, मुदतीत आहे. नागरिकाची हरकत ठरल्या दिवसांत आली नाही तर ती बाद होते. शासनाच्या उत्तराला मात्र तशी तारीख नसते. दरम्यान वाड्यांना खेटून इमारती वाढत राहिल्या, आणि बुजलेले बावखल कुठल्याही निकालाने पुन्हा भरत नाही.