जोडी जुळायला लागलेली पावणेदोनशे वर्षं

इंदूर-इच्छापूर रस्त्यावर बऱ्हाणपूरजवळच्या एका गॅरेजात परवा एमपी ६८ नंबरची दोन दारांची लाल कार जॅकवर चढवलेली दिसली. मालक पंचविशीतला. चारही चाकं बाजूला काढलेली आणि खोक्यात चार झळझळीत कॉइलओव्हर. मी उगाच चौकशी केली तर मिस्त्री म्हणाला, "काका, यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर आहे. चकती फिरवली की गाडी खाली बसते."

एका वाक्यात त्याने सगळं सांगितलं. पण ही दोघं एका दांड्यावर यायला किती काळ गेला, ते त्या खोक्यावर छापलेलं नव्हतं.

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते, कारण तिला स्प्रिंगच नाही. चाकाचा धक्का आखावर, आखाचा साट्यावर आणि साट्याचा थेट माणसाच्या माकडहाडावर. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे कडबा आणि वर गोधडी. चाल मंद असल्यामुळे तेवढ्यावर भागत असे. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात आला, शहजादा परवेझला भेटला आणि पुढे अजमेरला गेला. तिथे त्याने जहांगीरला विलायती कोच नजर केला. बादशहाने तो खोलायला लावून त्याची हुबेहूब नक्कल करून घेतली. परदेशी गाडी आणायची, खोलायची आणि आपल्या हिशेबाने पुन्हा जोडायची, हा छंद या देशात त्या लाल गाडीपेक्षा चारशे वर्षांनी मोठा आहे.

पोलादी स्प्रिंगा आल्या त्या नंतर. गोल वेढ्यांच्या स्प्रिंगचं पेटंट इंग्लंडात १७६३ साली रिचर्ड ट्रेडवेलने घेतलं. कमानीच्या पाट्यांचं, म्हणजे दोन कमानी तोंडाला तोंड लावून केलेल्या लंबगोल स्प्रिंगचं पेटंट ओबाडाया एलियटने घेतलं ते पुढे १८०४ च्या सुमारास. गोल स्प्रिंग चाळीस वर्षांनी थोरली, आणि तरी जग धाकटीने जिंकलं. बग्गी, टांगा, ट्रक, सगळीकडे पाटे. लालबागच्या स्टेशनावरून बऱ्हाणपूरच्या परकोटात जाणारा टांगाही कमानीवरच डुलत गेला. असं का झालं? या सगळ्या वंशावळीची गाठ याच प्रश्नात आहे.

पाट्यावर पाटा घासतो, हे त्याचं उत्तर. खड्ड्यातून गाडी उसळली की त्या घासण्यातच उसळी जिरते. शिवाय पाटा आखाला जागेवर धरूनही ठेवतो. गोल स्प्रिंगला यातलं काहीच येत नाही. ती धक्का छान गिळते, पण गिळलेला परत देते, मग पुन्हा घेते, पुन्हा देते. एकटी असली तर गाडी झोका होते. तिला आवरणारा जोडीदार हवा होता आणि तो जन्मायचा होता.

तो जोडीदार म्हणजे आपला शॉकअप. त्याचं नावच फसवं आहे, कारण धक्का शोषते स्प्रिंग. शॉकअप स्प्रिंगला गप्प बसवतो. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक वाटा. तेल त्या वाटांतून रेटलं जातं आणि उसळीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून तासभर आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, नळी गरम लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या त्र्युफोची घासणाऱ्या चकत्यांची जुळणी अमेरिकेच्या हार्टफर्डने मोटारींना लावली. तेलाचा शॉकअप मोरिस उदाय या फ्रेंच माणसाचा. अमेरिकेत क्लॉड फॉस्टरने भोंगे विकता विकता उसळी रोखणारं यंत्र विकायला घेतलं. त्याच्या भोंग्याचं नाव होतं गॅब्रिएल. तेच नाव घेऊन १९६१ साली मुंबईत कंपनी निघाली आणि पुढे इंदूरशेजारच्या देवासलाही तिचा कारखाना झाला. आपल्या गाड्यांखालच्या कितीतरी शॉकअपवर आजही एका भोंग्याचं नाव आहे, हे मला फार आवडतं.

जोडीदार तयार झाला तरी लग्न लांबलं. १९३० च्या दशकात इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ड्यूसेनबर्ग मोटार घेतली. लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली, नारिंगी-काळी, दोन माणसांची, सुपरचार्जर लावून ३२० अश्वशक्तीचा दावा सांगणारी. तेव्हाच्या स्पोर्ट्स गाड्यांत याहून वर काही नव्हतं. पण खाली वाकून पाहिलं तर पुढेही पाटे आणि मागेही पाटेच. टांग्याची भाऊबंद.

गोल स्प्रिंग मोठ्या प्रमाणात आली ती १९३४ साली, जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढच्या दोन चाकांना. मग अर्ल मॅकफर्सनने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात ओवले, आणि १९५० साली फोर्डने तो खांब गाडीखाली घालून दाखवला. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनी पुढे गोल आणि मागे पाटे अशी मधल्या पिढीची होती. १९८३ साली मारुती ८०० आली आणि मॅकफर्सनचा खांब गल्लीबोळात पोचला. म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग ही गोष्ट आपल्या दारात चाळीस वर्षं उभी आहे. गॅरेजातल्या त्या खोक्यात नवं होतं ते फक्त नळीवरचे, चकती फिरवायचे आटे. शर्यतीच्या गाड्यांत दर ट्रॅकला उंची बदलावी लागते, त्यासाठी काढलेली ही सोय. ती पुढे हौशी लोकांच्या हातात आली.

बसवताना मिस्त्रीने घाई केली नाही. बॉनेटखालचे कडेचे तीन नट सोडले, मधल्याला हात लावला नाही. जुन्या खांबावरची टोपी नव्या खांबावर घ्यायची म्हणजे आधी स्प्रिंग दोन शिकंज्यांत दाबावी लागते. न दाबता मधला नट उघडला तर स्प्रिंग तोंडावर येते. ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर सोडवून बाजूला बांधली. बोल्टवर खडूने खूण केली. खालच्या आर्मच्या बुशांचे बोल्ट त्याने हवेत आवळले नाहीत. गाडी चाकांवर उतरवून मग आवळले. हवेत आवळले तर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. शेवटी म्हणाला, "आता सरळ अलाइनमेंटला जा, कुठे मिरवू नका."

या वाटेला एक चोरवाटही आहे: ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापणे. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाचाची केली की ती २० टक्क्यांनी कडक होते आणि तिच्या आतला जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. खिल्लाराशेजारी म्हातारा बैल जुंपल्यासारखं. किटमध्ये पैसे जातात ते याचसाठी, की स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना पाहून बनवलेले असतात. आटे ही त्यातली दुय्यम गोष्ट, पण विकत घेणारे बहुतेकजण आट्यांवर भाळतात आणि गाडी जमिनीला टेकवतात. केळीचे ट्रक आणि गावोगावचे गतिरोधक असलेल्या या रस्त्यावर इतकी बसकी गाडी चालवणं म्हणजे पोट घासत नेणं, असं माझं स्पष्ट मत.

कायदाही मालकाच्या बाजूने नाही. मूळ कंपनीच्या तपशिलांपासून गाडी वेगळी करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं. म्हणून किट मागवण्याआधी आरटीओत विचारा. आणि त्याच्याही आधी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली तर किट राहू द्या, कंपनीचेच नवे शॉकअप घाला.