एकांगी खोगीर



दोन्ही पाय एकाच बाजूस सोडून घोड्यावर बसलेली विलायती स्त्री आपण जुन्या चित्रांतून पाहिली असेल. ही बैठक स्त्रीला मोकळें करणारी कीं जखडणारी, हा वाद अजून मिटलेला नाहीं. एक पक्ष तिला रेशमी बेडी म्हणतो. दुसरा म्हणतो, या खोगिरानेंच बायका दिवाणखान्यांतून रानांत गेल्या. मला दोन्ही पक्ष उतावळे वाटतात. ज्या खोगिराविषयीं ते भांडतात तें पांचशें वर्षांत एकसारखें राहिलेलेंच नाहीं.

इंग्लंडांत ही चाल बोहेमियाच्या ॲननें रूढ केली असें परंपरा सांगते. इ. स. १३८२ मध्यें तिचें दुसऱ्या रिचर्ड राजाशीं लग्न झालें. त्या काळचें हें आसन म्हणजे घोड्याच्या पाठीवर आडवी बांधलेली एक खुर्चीच होती. पाय टेकावयास खालीं फळी असे, बसणारीचें तोंड रस्त्याकडे नसून कडेच्या कुंपणाकडे असे, आणि लगाम मोतद्दाराच्या हातांत असे. ती घोड्यावर बसे. घोडा मात्र दुसराच कोणी चालवी. लांब झगे आणि शालीनतेच्या कल्पना यांची ही सोय होती. या पहिल्या अवस्थेपुरतें जखडणाऱ्या पक्षाचें म्हणणें मला पूर्णपणें मान्य आहे.

पुढें सोळाव्या शतकांत उजवा पाय खोगिराच्या पुढल्या शिंगावरून घेण्याची रीत आली. तिचें श्रेय फ्रान्सच्या कॅथरिन द मेदिचीला देतात. गोष्ट लहान दिसते, परंतु तिनें सारें पालटलें. उजवा पाय पुढें येतांच कंबर वळली, तोंड घोड्याच्या कानांच्या दिशेला आलें आणि लगाम स्वतःच्या हातांत घेतां आला.

खरी क्रांति एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत झाली. फ्रान्समधील ज्यूल पेलिये या घोडेस्वारीच्या शिक्षकाचें नांव तिच्याशीं जोडलें जातें. खोगिराला खालच्या बाजूस वांकलेलें दुसरें शिंग बसविण्यांत आलें. वरच्या शिंगावर उजवी मांडी आणि खालच्या शिंगाखालीं डावी मांडी, अशी घट्ट पकड मिळाल्यानें बायका भरधांव दौडूं लागल्या. चर आणि कुंपणें उडवूं लागल्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचा व्हिएन्नाच्या दरबारांत जीव गुदमरे. इ. स. १८७६ मध्यें ती इंग्लंडांत शिकारीस आली, १८७९ व १८८० मध्यें आयर्लंडांत गेली, आणि नामांकित स्वारांच्या बरोबरीनें याच खोगिरावरून धांवली.

मात्र या मोकळिकीची किंमत जबर होती. स्वार पडली कीं तिचा घेरदार घागरा शिंगांत अडके आणि घोडा तिला फरफटत नेई. अशा अपघातांनंतर त्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत सहज सुटणारे घागरे निघाले. शेवटीं तर मागून उघडा असा पुढचा पडदाच तेवढा राहिला, आंत विजार. घोड्यावर असेपर्यंत पोषाख संपूर्ण दिसावयाचा, आणि उतरतांच बाईनें तो घाईघाईनें मागें वळवून गुंडी लावावयाची! शालीनता कोठवर हटली होती हें या गुंडीवरून कळतें.

आतां याच काळांतील एक गोष्ट आपल्या माणसांची. दौलतराव शिंद्यांची विधवा बायजाबाई हिला १८३३ सालीं ग्वाल्हेर सोडावें लागलें. पुढें गंगेकांठीं फत्तेगडास तिची छावणी असतां फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई १८३५ सालीं तिच्या भेटीस आली. एका अंगानें बसून घोडा कसा हांकतात हें बायजाबाईस पाहावयाचें होतें. फॅनीनें तें करून दाखविलें. कासोटा घालून मांड टाकणाऱ्या मराठमोळ्या बायकांना ती बैठक वेडीवांकडी वाटली. मग फॅनीनें मराठी लुगडें नेसून त्यांच्यासारखी स्वारी केली. १८५० मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनांत तिनें बायकांची बैठक बदलल्याचा दोष एलिझाबेथ राणीला दिला आहे. त्या राणीवर हा अन्यायच. चाल तिच्या आधींची. पण घोड्यावरून उतरल्यानंतरचें त्यांचें बोलणें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. इंग्लंडच्या कायद्यानें विवाहित स्त्री नवऱ्याची कशी दासी ठरते, हा विषय या दोघींत निघाला होता. मराठी बायकांची मांड मोकळी होती, पण त्यांना पडदा होता. इंग्रज बाईला पडदा नव्हता, पण तिच्या मिळकतीवर नवऱ्याचा हक्क होता. नुसत्या बैठकीवरून कोण मोकळी आणि कोण बांधलेली हें ठरवूं पाहणाऱ्यानें फत्तेगडच्या या भेटीचा विचार अवश्य करावा.

म्हणून माझ्या मतें दोष खोगिराचा नसून सक्तीचा आहे. इझाबेला बर्ड ही प्रवासिनी १८७३ सालीं हवाई बेटांत गेली. पाठीच्या दुखण्यानें ती गांजलेली होती. तेथील बायकांचें पाहून तिनें मांड टाकली आणि तिला आराम पडला. त्याच वर्षीं अमेरिकेच्या रॉकी पर्वतांत तिनें शेंकडों मैल अशीच रपेट केली. पण वस्ती जवळ आली कीं ती घागरा चढवून पुन्हा एका बाजूस बसे. डोंगरांतल्या वाटेवर तिला घागरा लागत नव्हता. तो लागे लोकांच्या डोळ्यांसाठीं.

विसाव्या शतकांत ही सक्ति सैल झाली. ३ मार्च १९१३ रोजीं वॉशिंग्टनमध्यें मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या मिरवणुकीच्या अग्रभागीं आयनेझ मिलहोलंड पांढऱ्या घोड्यावर मांड टाकून बसली होती. दोनच वर्षांनीं, १९१५ मध्यें, सिडनीच्या प्रदर्शनांत एस्थर स्टेस हिनें एकांगी खोगिरावरून साडेसहा फूट उंच उडी मारली. दुसरी एलिझाबेथ राणी १९८६ पर्यंत लष्करी संचलनाची सलामी याच खोगिरावरून घेई. १९८१ सालीं भर मिरवणुकींत तिच्या रोखानें पिस्तुलाचे सहा पोकळ बार झाले. घोडी बिचकली, आणि राणीनें क्षणांत ती आवरली. हीच राणी खासगी फेरफटक्यास निघे तेव्हां मात्र मांड टाकून बसे.