गोष्ट लाल भोपळ्याच्या स्कोनची
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझी भाची लग्न होऊन ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेली, त्याला आता काही वर्षं झाली. मध्यंतरी तिचा फोन आला. म्हणाली, "मामू, शेजारच्या आजींना चहाला बोलावलं होतं. त्यांच्याकडची रीत म्हणून लाल भोपळ्याचे स्कोन केले. दगड झाले, दगड! आजींनी बिचाऱ्यांनी चहात बुडवून एक संपवला आणि हसून म्हणाल्या, फ्लोनं हे बघायला नको होतं. ही फ्लो कोण हो?"

स्वयंपाकघर हा काही माझा प्रांत नव्हे. पण भट्टीशी माझी जुनी ओळख आहे. लहानपणी रमजान ईदेच्या आधी नानखटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत जायचं काम आम्हा पोरांकडे असे. घरात भट्टी नव्हती. पीठ घरचं, आग बेकरीवाल्याची. आपल्या पत्र्यातली नानखटाई फुलली की नाही, हे बघायला आम्ही भट्टीच्या दारात ताटकळत असू. फुलली नाही तर घरी काय ऐकावं लागेल, हे पक्कं माहीत असे. त्यामुळे भाचीचं दुःख मला कळलं आणि फ्लोचा शोध घ्यायचं मी मनावर घेतलं.

ज्यांनी स्कोन खाल्ला नसेल त्यांच्यासाठी एवढं सांगतो. मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडर यांचा हा हातात मावेल एवढा जाडसर गोळा. यीस्ट नाही, आंबवणं नाही. बिस्किटाइतका कोरडा नाही आणि केकइतका गोडही नाही. गरम असताना मधून उकलायचा, लोणी लावायचं आणि चहाबरोबर खायचा. लाल भोपळ्याचा गर घातला की त्याला केशरी रंग येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात तो घरोघरी ओळखीचा आहे.

आणि तिथली फ्लो म्हणजे फ्लोरेन्स बेल्के-पीटरसन. जन्म १९२०चा. नवरा जो बेल्के-पीटरसन, किंगरॉय गावाजवळचा भुईमुगाचा शेतकरी. १९६८ ते १९८७ अशी सलग एकोणीस वर्षं तो क्वीन्सलँडचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, होता. फ्लोबाईंचे भोपळ्याचे स्कोन राज्यभर गाजले. त्यांची कृती छापली गेली, भेटीला येणाऱ्यांना स्कोन मिळू लागले. १९८१ साली त्या स्वतः ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये गेल्या आणि १९९३ पर्यंत तिथे होत्या. बारा वर्षं संसदेत बसलेली बाई, पण लोक तिला ओळखतात ते स्कोनवरून. टीकाकार त्यावरून खिजवत. बाई मात्र हुशार. त्यांनी ते नाव नाकारलं नाही, मिरवलं. २०१७च्या डिसेंबरात, सत्त्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या, तेव्हाही बातम्यांमध्ये भोपळ्याचे स्कोन होतेच.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. याच जो साहेबांनी १९७७ साली रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांवर बंदी आणली आणि ती मोडणाऱ्या शेकडो लोकांना अटक झाली. त्यांच्या शेवटच्या वर्षी राज्यातल्या पोलिसी भ्रष्टाचाराची चौकशी सुरू झाली. १९८९ साली तिचा अहवाल आला, काही माजी मंत्री तुरुंगात गेले, खुद्द पोलीस आयुक्त गेला. जो यांच्यावरही शपथेवर खोटं बोलल्याचा खटला चालला. ज्यूरीचं एकमत झालं नाही, म्हणून तो निकालाविना संपला. या साऱ्या काळात दिवाणखान्यात स्कोनची बशी फिरत होती. आता यात स्कोनचा काय दोष, असं कोणी म्हणेल. दोष नाहीच. पण घरगुती पदार्थाच्या वासानं माणूस सैल होतो, प्रश्न विचारायचं विसरतो, हे राजकारणातल्या माणसाला कवीपेक्षा आधी कळतं. दुसरीकडे, एका बाईची बारा वर्षांची संसदीय कारकीर्द एका बशीत गुंडाळून ठेवणं, हेही मला न्यायाचं वाटत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही वेळा बशी रिकामी झाली नाही.

असो. स्कोन हा मुळात ऑस्ट्रेलियाचा नाही, स्कॉटलंडचा. आणि हा शब्द लिखित स्वरूपात पहिल्यांदा सापडतो तो एका कवीकडे, याचा मला व्यक्तिशः आनंद आहे. गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीनं व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्याचा अनुवाद १५१३ साली पुरा केला. सातव्या सर्गात एक प्रसंग आहे. दमलेले ट्रोजन लोक इटलीच्या किनाऱ्यावर उतरतात, गव्हाच्या चपट्या भाकऱ्यांवर फळं ठेवून खातात आणि भूक भागत नाही म्हणून त्या भाकऱ्याही खातात. तेव्हा नायकाचा मुलगा म्हणतो, अरे, आपण तर ताटंच खाल्ली! शेतात भाकरीवर पिठलं घेऊन जेवलेल्या माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. त्या भोजनाच्या वर्णनात डग्लसनं 'स्कोन' हा आपल्या घरचा शब्द वापरला. लंडनच्या इंग्रजीत न लिहिता आपण आपल्या मातीच्या भाषेत लिहितो आहोत, असं त्यानं स्वतः बजावून सांगितलं होतं. घरात एक बोली आणि कवितेत दुसरी भाषा असलेल्या माझ्यासारख्याला अशी माणसं जवळची वाटतात.

तर हा जुना स्कोन म्हणजे ओट किंवा जवाच्या पिठाचा, तव्यावर भाजलेला, ताटाएवढा गोल. त्याचे चार तुकडे करायचे. चपटा आणि जड. फुगवायचा कशानं? यीस्टला वेळ हवा, ऊब हवी आणि गरिबाच्या घरी भट्टी कुठली? अंडी फेटून हवा भरायची, तर बाईचे हात तासभर फिरत राहायचे. हलकेपणा हा श्रीमंतांच्या घरचा, किंवा मोलकरणीच्या दंडाचा.

यातून वाट निघाली ती चुलीतल्या राखेतून. लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून आटवलं की खार मिळतो. तो भट्टीत तापवून पांढरा केला की 'पर्लअॅश'. आपल्या पापडखाराचा हा लांबचा नातलग. हा खार आंबट ताकाला भेटला की कर्बवायू सुटतो, पीठ फुगतं. अमेरिकेच्या सरकारनं दिलेलं अगदी पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०चं, सॅम्युअल हॉपकिन्स याला मिळालं ते हा राखेचा खार करण्याच्या सुधारित रीतीसाठी. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. सहाच वर्षांनी, १७९६ साली, अमीलिया सिमन्स या बाईचं पाकपुस्तक निघालं. त्यात पीठ फुगवायला पर्लअॅश आहे आणि लाल भोपळ्याचा गोड पदार्थही आहे, सुंठ आणि जायफळ घातलेला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बाईंनी स्वतःची ओळख दिली आहे ती एवढीच : एक अमेरिकन अनाथ.

पुढचं काम रसायनशास्त्रज्ञांनी केलं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला यीस्टही पचत नसे आणि अंडीही. तिच्यासाठी त्यानं १८४३ साली बेकिंग पावडर केली : सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात. पाणी लागेपर्यंत दोघं गप्प, पाणी लागलं की भांडण. दोन वर्षांनी, १८४५ साली, ब्रिस्टॉलच्या हेन्री जोन्स या बेकरीवाल्यानं हे मिश्रण पिठातच घालून टाकलं आणि त्याचं पेटंट घेतलं. हेच ते 'सेल्फ रेझिंग' पीठ, आपोआप फुलणारं. जहाजावरच्या खलाशांना दगडासारखी बिस्किटं फोडत बसावं लागू नये, ही त्याची तळमळ. आरमाराच्या साहेबांनी मात्र त्याला बरीच वर्षं दाद दिली नाही. त्या काळी कोरडं आम्ल म्हणून 'क्रीम ऑफ टार्टर' वापरत. वाइनच्या पिंपांना आतून जो आंबट खार धरतो, तो हा. (पिंपातला असला तरी तो दारू नव्हे, हे माझ्या काही नातेवाइकांना समजावताना मला बराच वेळ लागला.) ते महाग पडे, म्हणून अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या प्राध्यापकानं १८५६ साली फॉस्फेटचं आम्ल आणलं. सुरुवातीला ते जनावरांच्या हाडांपासून होई, पुढे खनिजापासून होऊ लागलं.

या सगळ्यामुळे ज्या घरात यीस्ट नाही, नोकर नाही, वेळ नाही, तिथे पाऊण तासात हलका, गरम पदार्थ टेबलावर येऊ लागला. ऑस्ट्रेलियाच्या आडगावात राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायकांना यापेक्षा काय हवं होतं? भोपळा तिथे भरपूर पिके आणि महिनोन्‌महिने टिके. 'क्वीन्सलँड ब्लू' ही करड्या-निळ्या सालीची, आतून गर्द केशरी जात तर तिथलीच. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी तो आधी नाक मुरडून, मग नाइलाजानं आणि शेवटी आवडीनं खाल्ला. फ्लोबाईंच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच, तिथल्या बायका भोपळ्याचे स्कोन करत होत्या. त्यांची नावं कुठे नाहीत.

आता भाचीच्या दगडांकडे येतो. मी तिला तीन प्रश्न विचारले.

पहिला, पीठ कोणतं? ती म्हणाली, साधा मैदा. तिथंच चुकलं. फ्लोबाईंच्या कृतीत दोन कप 'सेल्फ रेझिंग' पीठ आहे. एक कप गार केलेला भोपळ्याचा गर, अर्धा कप साखर, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि लोणी अवघा एक मोठा चमचा. (ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, बाकी जगात १५चा, हेही ध्यानात ठेवावं.) साधा मैदा असेल तर दर कपाला दीड लहान चमचा बेकिंग पावडर घालून दोनदा चाळावी.

दुसरा, भोपळा कसा शिजवला? तर कुकरमध्ये, पाणी घालून. भोपळ्यात मुळातच पाणी फार. त्यात आणखी घातलं की गर ओला, मग पीठ जास्त लागतं आणि स्कोन जड होतो. घारग्यांना आपल्या बायका वेगळं पाणी घालत नाहीत, भोपळ्याच्या अंगच्या पाण्यातच पीठ मळतात, तीच गोष्ट इथे. फोडी ओव्हनमध्ये भाजाव्यात, कुस्करून गर मलमलच्या फडक्यात बांधावा आणि चक्क्यासारखा तासभर टांगावा. पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नये. गरम गरानं लोणी वितळतं.

तिसरा, मळलं किती? ती अभिमानानं म्हणाली, "चपातीसारखं, चांगलं दहा मिनिटं." मी कपाळाला हात लावला. मळण्यानं पिठाला चिवटपणा येतो. चपातीला तो हवा, स्कोनला तो नको. हलका स्कोन हवा असेल तर फ्लोबाईंपेक्षा थोडं सढळ, साठ-सत्तर ग्रॅम थंडगार लोणी घ्यावं, मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखं करावं. लोण्याचे बारीक कण भट्टीत वितळताना वाफ सोडतात, त्यानं पदर सुटतात. गर पाऊण कपच घ्यावा. लागलंच तर दोन-तीन चमचे ताक. मात्र मग चिमूटभर खायचा सोडा टाकावा. सुरीनं कालवावं, हातानं जेमतेम गोळा करावा, इंचभर जाड थापावा. वाटीनं सरळ खाली दाबून कापावं, वाटी पिळू नये. पिळली की कडा चिकटतात आणि स्कोन वर चढत नाही. पत्र्यात एकमेकांना टेकून ठेवावेत. २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं.

मसाला फ्लोबाईंच्या कृतीत नाही. ती सवय अमेरिकेची, सिमन्सबाईंच्या पुस्तकापासूनची. दालचिनी, सुंठ, जायफळ वगैरेंचं तयार मिश्रण तिथल्या एका मसाला कंपनीनं १९३४ साली डबीत भरून विकायला काढलं. जायफळ मात्र बेतानं. श्रीखंडात घालतो तेवढंच. हे जायफळ एके काळी फक्त बांदा बेटांवर पिके आणि त्याच्या मक्तेदारीसाठी डच कंपनीनं १६२१ साली तिथली जवळजवळ सगळी वस्ती मारून किंवा हाकलून संपवली. जायफळ किसताना मला ते दर वेळी आठवतं. आठवून मी किसतोच, हेही खरं.

पंधरा दिवसांनी भाचीनं फोटो पाठवला. आठ स्कोन, एक जरा डावीकडे कललेला. खाली लिहिलं होतं : "आजींनी तीन खाल्ले. म्हणाल्या, मसाला कशाला घातलास? पण चौथा घरी घेऊन गेल्या."