बेटावरची नोंद

आपल्या बुलढाण्यात समुद्र नाही, पण पाकोळ्या आहेत. जुन्या देवळाच्या छताला घरटी करतात, त्याच. आज त्यांच्या समुद्राकाठच्या बहिणीची गोष्ट.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटं आहेत. तिथल्या अंधाऱ्या गुहेत एक पाकोळी स्वतःच्या लाळेनं पिसं चिकटवून घरटं करते. अशा घरट्यांचं सूप चीनमध्ये महाग विकतं, म्हणून ती चोरली जायची. घरटं गेलं की अंडी-पिल्लंही जातात.

मुंबईचे पक्षी-अभ्यासक हुमायून अब्दुलाली या बेटांवर गेले. खडकांवर वीण करणारे सुरय पक्षी आणि गुहेतल्या पाकोळ्या त्यांनी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० आणि १९४२ साली ते छापून आलं.

पुढे साठेक वर्षांनी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं या घरट्यांची चोरी रोखायचं काम हाती घेतलं. पाकोळ्या इथं पूर्वीपासून आहेत, याला अब्दुलालींच्या लिखाणाचा पुरावा होता.

गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, “लिहायचं कशाला? सगळ्यांच्या ध्यानात आहे.” पण माणूस विसरतं, वही विसरत नाही. म्हणून हप्त्यांच्या हिशोबामागं एक पान मोकळं ठेवा. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलं, पहिल्या पावसात बेडूक ओरडले का, तारखेसह लिहा. उद्या गावाचं पाणी मागायला जाल, तेव्हा तेच पान बोलेल.