फक्त ऐकणारी तार

हॅम रेडिओबद्दल मी इथे अधूनमधून लिहितो, त्यामुळे रात्री-बेरात्री हेडफोन लावून टिकटिक ऐकत बसणारा हा प्राणी नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. नातेवाईकांना तर जास्तच ठाऊक आहे. दौंडच्या अलीकडे आमची जी वडिलोपार्जित शेती आहे, तिच्या बांधावरून गेलेली २८० मीटरची तार त्यांच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिली आहे आणि 'ही कसली रे?' असं विचारलंही आहे. 'अँटेना' एवढ्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. त्यातून 'हिच्यावरून बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं' असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघतो... असो. यंदा त्या तारेचा विषय घरात जरा गंभीरपणे निघाला आहे (कारण शेवटी सांगतो), म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

या प्रकारच्या तारेला बेव्हरेज अँटेना म्हणतात. चहा-कॉफीशी तिचा काही संबंध नाही, बेव्हरेज हे माणसाचं आडनाव. हॅरॉल्ड बेव्हरेज. जन्म १८९३ चा, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या नॉर्थ हेवन नावाच्या बेटावरचा. तो जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला, तिथून पुढे आरसीएकडे गेला. पहिल्या महायुद्धाच्या त्या काळात समुद्रापलीकडे बिनतारी संदेश पाठवायचा म्हणजे हजारो मीटर लांबीच्या लहरी, शेकडो फूट उंच मनोरे आणि शेकडो किलोवॅट वीज असा मामला होता. लहर जितकी लांब तितकी ती लांब जाते, हे तेव्हाचं शहाणपण. पाठवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचे हाल जास्त. लांब लहरींवर विजांचा कडकडाट इतका असतो की त्यात मोर्सची टिकटिक बुडून जाते. पाठवणाऱ्याने वीज दुप्पट केली तरी फार फरक पडत नाही.

बेव्हरेज १९१९ मध्ये मेनच्या किनाऱ्यावर ऑटर क्लिफ्स इथल्या केंद्रात लांब तारांवर प्रयोग करत होता. १९२० पर्यंत त्याच्या लक्षात आलं की जमिनीलगत ताणलेली खूप लांब तार दोन्ही टोकांच्या दिशेने ऐकते, पण तिच्या लांबच्या टोकाला एक योग्य मापाचा रेझिस्टर लावून तो जमिनीत पुरला, की ती एकाच दिशेने ऐकायला लागते. मागचं सगळं गायब!

हे कसं होतं? रेडिओची लहर जमिनीवरून जाताना तिचा खालचा भाग जमिनीत थोडा अडखळतो, कारण माती काही चांगली वाहक नव्हे. त्यामुळे लहर सरळ उभी न राहता पुढे किंचित झुकते. उसाचं पीक वाऱ्यात झुकावं तशी. या झुकण्यामुळे लहरीचा थोडासा जोर तारेच्या लांबीच्या दिशेने लागतो आणि तारेत बारीकसा प्रवाह तयार होतो. लहर पुढे जाते, तिच्याबरोबर तारेतला प्रवाहही पुढे सरकतो, आणि वाटेतल्या प्रत्येक फुटावर त्यात भर पडत जाते. टोकाला रिसीव्हर असतो, तिथे सगळी बेरीज पोचते. उलट दिशेने आलेल्या लहरीचीही अशीच बेरीज होते, पण ती पोचते दुसऱ्या टोकाला, रेझिस्टरपाशी. तिथे तिची उष्णता होते आणि विषय संपतो. माझ्या तारेला ४७० ओहमचा रेझिस्टर आहे, साधारण ४०० ते ६०० मधला कुठलाही चालतो.

म्हणजे या अँटेनाचं काम माती वाईट वाहक असण्यावर चालतं! खाऱ्या दलदलीवर किंवा समुद्रावर ती धड चालत नाही. आणि दुसरं म्हणजे ती सिग्नल मोठा करत नाही. साध्या उभ्या अँटेनापेक्षा तिच्यावर सिग्नल चक्क बारीक येतो. फक्त गोंगाट त्याहून जास्त बारीक होतो, त्यामुळे ऐकू येतं. पाठवायला मात्र ती निरुपयोगी, कारण दिलेली बहुतेक वीज माती आणि रेझिस्टर खाऊन टाकतात.

बेव्हरेजला १९२१ च्या जूनमध्ये पेटंट मिळालं. आरसीएने लॉंग आयलंडवर रिव्हरहेडला, मेनमध्ये बेलफास्टला आणि आणखी ठिकाणी अशा तारा टाकल्या, नऊ नऊ मैल लांब. आमची २८० मीटर बघून भुवया उंचावणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता हौशी मंडळींकडे येतो, कारण माझी तार आरसीएकडून नव्हे, त्यांच्याकडून माझ्यापर्यंत आलेली आहे.

अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशींना २०० मीटरच्या खालच्या लहरी दिल्या होत्या. दिल्या म्हणजे काय, तिकडे हाकललं होतं. या लहरी कुणाच्याच कामाच्या नाहीत, तिथे पोरं खेळू देत, असा हिशोब. मग महायुद्धात १९१७ ते १९१९ सगळ्या हौशींचे सेट बंद. पुन्हा सुरू झाल्यावर त्यांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन रेडिओ रिले लीगने, ठरवलं की आपल्या लहरी अटलांटिक ओलांडतात का ते बघायचंच. फेब्रुवारी १९२१ मध्ये पहिला प्रयत्न झाला. ब्रिटनमधल्या हौशींनी कान लावले, कुणालाच काही ऐकू आलं नाही. सिग्नल पोचतच नाहीत की ऐकणारे कमी पडतात, हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा लीगने स्वतःचाच माणूस पलीकडे धाडायचा ठरवला. पॉल गॉडली. रिसीव्हर बनवण्यात त्याचा हात धरणारे त्या काळी थोडेच होते.

गॉडली नोव्हेंबर १९२१ मध्ये ॲक्विटानिया बोटीने निघाला. लंडनजवळ ऐकून पाहिलं तर गोंगाट फार, म्हणून तो उत्तरेला स्कॉटलंडमध्ये आर्ड्रॉसन या किनाऱ्यावरच्या गावी गेला. तिथल्या एका शेतात त्याने तंबू ठोकला आणि अमेरिकेच्या दिशेने तार ताणली, सुमारे १३०० फूट लांब, खांबांवर बारा फूट उंच. बेव्हरेज अँटेना! डिसेंबरातलं स्कॉटलंड, वारा, पाऊस, आणि रात्रभर जागरण. त्याच्या जोडीला मार्कोनी कंपनीचा पियर्सन नावाचा एक निरीक्षक होता. एकट्याने ऐकलं म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार, म्हणून हा साक्षीदार. मला हा पियर्सन फार आवडतो. दुसऱ्याच्या हौसेपायी थंडीत बसून राहणारा, आणि इतिहासात नाव असं तळटिपेपुरतं.

८ डिसेंबरला पहिली टिकटिक ऐकू आली. पुढच्या रात्रींत अमेरिकेतली तीसच्या आसपास हौशी केंद्रं त्याने टिपली. त्यातलं सगळ्यात स्पष्ट म्हणजे कनेटिकटमधल्या ग्रीनिच इथलं 'वन-बी-सी-जी'. सहा जणांनी मिळून खास या चाचणीसाठी उभारलेलं, सुमारे २३० मीटरवर (म्हणजे २०० ची वेस जराशी ओलांडूनच) आणि एक किलोवॅटच्या आतल्या ताकदीचं. त्या सहांत एडविन आर्मस्ट्रॉंग होता, पुढे ज्याने एफएम दिलं तो. ११ डिसेंबरच्या रात्री या केंद्रावरून आलेला पूर्ण संदेश गॉडलीने उतरवून घेतला. मजकूर काय, तर गॉडलीचं अभिनंदन आणि खाली सहा जणांची नावं.

याचं सगळं श्रेय तारेला देण्याचा मोह मला होतो, पण ते खरं नाही. त्याच रात्रींत काही ब्रिटिश हौशींनाही आपापल्या साध्या एरियलवर अमेरिकन सिग्नल ऐकू आले होते. शिवाय गॉडलीचा सुपरहेटरोडाइन रिसीव्हर त्या काळच्या मानाने अचाट होता. तार नसती तर गॉडलीला काहीच मिळालं नसतं असं नाही, पण तीस केंद्रं मिळाली नसती असं मला वाटतं. गंमत अशी की ही तार जन्मली लांब लहरींसाठी, आणि लांब लहरींचं राज्य संपवणाऱ्या घटनेत तिने हातभार लावला.

कारण पुढचं सगळं भराभर झालं. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचा लिऑन देलॉय आणि अमेरिकेतले श्नेल आणि रायनार्ट्झ यांच्यात ११० मीटरच्या आसपास चक्क दुतर्फा बोलणं झालं. 'पोरांच्या' लहरींकडे कंपन्यांचं लक्ष गेलं. मार्कोनीही फ्रँकलिन या आपल्या इंजिनियरबरोबर आखूड लहरींवर काम करत होताच. त्याने ब्रिटिश सरकारला सांगितलं की अवाढव्य लांब लहरींची केंद्रं सोडा, आखूड लहरींचे झोत टाका. १९२४ मध्ये करार झाला. आणि यातून उभी राहिलेली भारतातली केंद्रं कुठे होती? पाठवण्याचं खडकीला आणि ऐकण्याचं दौंडला! १९२७ मध्ये इंग्लंड-भारत बीम सेवा सुरू झाली. तिकडे टेटनीहून पाठवायचे आणि स्केगनेसजवळ ऐकायचे. त्याही अँटेना तारांच्याच, पण आडव्या नव्हेत. उंच मनोऱ्यांमध्ये टांगलेले तारांचे पडदे, आणि त्यामागे परावर्तनासाठी दुसरा पडदा. समुद्राखालच्या केबल कंपन्यांना या बीम सेवेने असा फटका दिला की १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी यांचं एकत्रीकरण करावं लागलं.

म्हणजे आमच्या दौंडच्या पंचक्रोशीत इंग्लंडकडे कान लावून बसलेल्या तारा माझ्या आजोबांच्या काळापासून आहेत. आमच्या घराण्याचं त्यात कर्तृत्व शून्य, पण 'ही कसली रे?' विचारणाऱ्या मंडळींना मी हे आवर्जून सांगतो.

माझी तार वायव्येला जाते. इथून लंडन उत्तरेच्या पश्चिमेला ४१ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क फक्त २६ अंशांवर. सपाट नकाशा बघून हे पटत नाही, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. त्यामुळे युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा एकाच तारेत येतात. आणि पाठीमागे, आग्नेयेला, इंडोनेशिया. जगातल्या सगळ्यात जास्त विजा कडाडणाऱ्या प्रदेशांपैकी एक. त्याचा सगळा कडकडाट रेझिस्टरला जाऊन मरतो. ८० आणि १६० मीटरच्या बँडवर हिवाळ्यातल्या पहाटे याचा फरक ऐकण्यासारखा असतो. साध्या अँटेनावर नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज, आणि स्विच तारेकडे फिरवला की त्यातून एखादा आयरिश किंवा पोलिश हॅम उमटतो. बारीक, पण अक्षर न अक्षर लागतं.

सांभाळणं म्हणजे मुख्यतः चालणं. तांब्याची तार लावत नाही, ती पहिल्याच अमावास्येला जाते. झटका कुंपणासाठी मिळते ती तार वापरतो, तिला भंगारात भाव नाही. खांब बांबूचे होते, त्यांना वाळवी लागली, आता लोखंडी अँगल आहेत आणि वर इन्सुलेटर म्हणून ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे. पावसाळ्याआधी रिसीव्हरकडचं टोक सोडवून ठेवायचं, कारण वीज जवळ पडली तरी रेझिस्टर जातो. दसऱ्यानंतर दोन्ही टोकांच्या अर्थिंगच्या सळया उकरून गंज घासायचा, मीटर लावून रेझिस्टर तपासायचा. जमिनीतली केबल घुशी कुरतडतात. वानरं तारेवर झोके घेतात. ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरसाठी मधला पन्नास मीटरचा तुकडा उतरवून ठेवावा लागतो. अलीकडे नवा त्रास म्हणजे सोलर पंपांचे इन्व्हर्टर, पण ते दिवसा बोंबलतात आणि मी रात्री ऐकतो, त्यामुळे आमचं जमतं.

आता ते कारण. ही तार तिघांच्या बांधावरून जाते. पहिले ११० मीटर आमचे, मधले ८० थोरल्या काकांचे, आणि उरलेले ९० चुलत भावाचे. इतकी वर्षं कुणी मोजलं नव्हतं, यंदा वाटणी झाली तेव्हा मोजलं. चुलत भावाच्या हिश्शावर प्लॉट पडणार आहेत. त्याने स्वतःहून फोन करून सांगितलं, 'दादा, तुझी तार आहे तोवर मी कुंपण घालत नाही, पण घेणारा थांबेल का ते माझ्या हातात नाही.' त्याचं बरोबरच आहे. काकांनी मात्र त्यांच्या बांधावरचे दोन अँगल वाकले होते ते परवा स्वतः सरळ करून घेतले आणि मला नुसतं कळवलं.

९० मीटर वजा जाता १९० उरतात. ८० मीटर बँडला त्या दोन लहरींहून जास्त होतात, उत्तम चालेल. १६० मीटरला जेमतेम एक लहर बसते, मागचा कडकडाट थोडा जास्त ऐकू येईल. दसऱ्यानंतर रेझिस्टर काढून काकांच्या बांधाच्या कोपऱ्यावर आणायचा, तिथे नवी सळई ठोकायची. तिथली जमीन मुरमाड आहे, पहार लागेल. मदतीला कुणी येणार असेल तर कळवा, जेवण काकूंकडे आहे.