जुन्या फिल्म कॅमेऱ्यांतील बॅटरीदोष

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांतील बॅटरी, तिची जोडणी किंवा तिचा विद्युतदाब यांमुळे उद्भवणाऱ्या बिघाडांना बॅटरीदोष म्हणतात. हे दोष दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात कॅमेरा किंवा त्याचा प्रकाशमापक बंद पडतो. दुसऱ्या प्रकारात तो चालू राहतो, परंतु चुकीचे मापन दाखवतो. दुसरा प्रकार अधिक हानिकारक होय. कारण फिल्म धुतल्याशिवाय चूक उघडकीस येत नाही आणि तोवर टिपलेले क्षण हातचे गेलेले असतात.

बॅटरीवरील अवलंबन

सर्वच कॅमेरे बॅटरीवर सारखे अवलंबून नसतात. पेंटॅक्स के-१००० (१९७६) व निकॉन एफएम (१९७७) यांचे शटर यांत्रिक असल्याने बॅटरी संपली तरी छायाचित्रे घेता येतात. केवळ प्रकाशमापक बंद पडतो. कॅनन एई-१ (१९७६) या कॅमेऱ्याचे शटर मात्र ६ व्होल्टच्या बॅटरीशिवाय उघडतच नाही. निकॉन एफई (१९७८) मध्ये बॅटरीविना सेकंदाचा १/९० भाग हा एकच ठराविक वेग आणि 'बल्ब' ही सोय उपलब्ध राहते. त्यामुळे कॅमेरा नादुरुस्त ठरवण्यापूर्वी तो कोणत्या गटातील आहे, हे पाहणे आवश्यक असते.

पारायुक्त सेलचा प्रश्न

ऑलिंपस ओएम-१ सारखे अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पारायुक्त सेलसाठी बनवलेले होते. या सेलचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहत असे. पारा विषारी असल्याने अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने अशा सेलवर बंदी आली. पुढे २०१३ च्या मिनामाता करारानेही पारायुक्त सेलच्या उत्पादनावर व व्यापारावर निर्बंध घातले. सध्या पुढील पर्याय वापरले जातात :

* अल्कलाइन सेल : १.५ व्होल्ट. स्वस्त, परंतु वापराबरोबर दाब हळूहळू घटतो.
* सिल्व्हर ऑक्साइड सेल : १.५५ व्होल्ट. दाब स्थिर, परंतु मूळ सेलपेक्षा जास्त.
* झिंक-एअर सेल : सुमारे १.४ व्होल्ट. मूळ दाबाच्या जवळचा. मात्र वरची चिकटपट्टी काढल्यावर वापर न करताही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निकामी होतो.

दाब वाढल्यास अनेक प्रकाशमापक प्रत्यक्षापेक्षा अधिक प्रकाश दाखवतात. परिणामी फिल्मला कमी प्रकाश मिळतो व छायेतील तपशील नष्ट होतो. यावर उपाय म्हणून दाब कमी करणारा डायोड बसवलेले अडॅप्टर वापरतात किंवा मापकाची पुनर्जुळणी करून घेतात. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या काही कॅमेऱ्यांतील मापकाच्या 'ब्रिज' मंडलामुळे दाबातील फरकाचा परिणाम नगण्य असतो.

तपासणीचा क्रम

१. सेलची धन व ऋण बाजू योग्य दिशेला आहे का, ते पाहावे. सेल कोरड्या कापडाने पुसून बसवावा.
२. नवा सेल घालून पाहावे. जुना सेल मल्टिमीटरवर पुरेसा दाब दाखवूनही प्रत्यक्ष भार पडताच ढेपाळू शकतो.
३. कॅमेऱ्यातील बॅटरी-तपासणीची सोय वापरावी. कॅनन एई-१ मध्ये तपासणीचे बटण दाबल्यावर दृश्यदर्शकातील काटा ५.६ च्या खुणेवर किंवा त्याखाली यावा लागतो.
४. बॅटरीच्या खोबणीतील व झाकणातील धातूच्या पट्ट्या तपासाव्यात.
५. एवढे करूनही वीज पोहोचत नसल्यास आतील तार तुटलेली किंवा गंजलेली असण्याचा संभव असतो. ते काम जाणकार कारागिराकडे सोपवावे.

गळती व गंज

वर्षानुवर्षे आत राहिलेला अल्कलाइन सेल गळतो व पट्ट्यांवर पांढरा थर जमतो. हा थर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाने काढून नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. द्रव आत झिरपू देऊ नये. हातमोजे घालणे व डोळे जपणे इष्ट होय.

जपणूक व विल्हेवाट

कॅमेरा दीर्घकाळ वापरायचा नसल्यास सेल काढून ठेवतात. के-१००० च्या प्रकाशमापकाला स्वतंत्र स्विच नसल्याने लेन्सवर झाकण ठेवणे हाच सेल वाचवण्याचा मार्ग असतो. बटण सेल गिळला गेल्यास प्राणघातक ठरू शकतो. म्हणून तो लहान मुलांपासून दूर ठेवावा. जुने पारायुक्त सेल घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी-संकलनासाठी स्वतंत्रपणे द्यावेत.